डोलकाठीच्या दिव्याचा तपास

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी 1972 मध्ये ठरलेल्या आणि 1977 पासून अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, रात्री संचार करणाऱ्या जहाजांवर आपली ओळख दिव्यांनी पटवून देण्याचे बंधन घातले आहे. शिडाची नौका केवळ वाऱ्यावर चालली असेल, तर डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि पिछाडीला पांढरा एवढे दिवे तिला पुरतात. परंतु वारा पडला आणि इंजिन सुरू केले, की शिडे उभारलेली असली तरीही नियमाच्या दृष्टीने ती यांत्रिक नौका ठरते, आणि समोरच्या बाजूने 225 अंशांच्या टापूत दिसेल असा पांढरा दिवा डोलकाठीवर लावणे तिला भाग पडते. हा दिवा बंद असला, तर समोरून येणाऱ्या जहाजाचा ती वाऱ्यावर चालली आहे असा ग्रह होतो, आणि वाट कोणी कोणाला द्यावयाची हा सारा हिशेबच चुकतो.

जुन्या नौकांत हा दिवा वारंवार रुसतो, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. 1970 च्या आसपास बांधलेल्या फायबरग्लासच्या नौकांना बहुधा अ‍ॅल्युमिनियमची पोकळ डोलकाठी असते. दिव्यांच्या तारा तिच्या पोटातून वर जातात, आणि थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी काठी उतरवून ठेवण्याचा प्रघात असल्यामुळे या तारा पायथ्याशी तोडून तेथे प्लग किंवा जोडपट्टी बसवलेली असते. पावसाचे आणि लाटांचे पाणी नेमके तेथेच साचते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक जसे कळकते, तशी कल्हई नसलेली तांब्याची तार खाऱ्या दमटपणाने आतून नासते: आवरण शाबूत दिसते, पण ते बोटभर सोलले, की आतले धागे काळे पडलेले आणि टोकाशी हिरवी भुकटी जमलेली आढळते.

दिवा विझला की काठीवर चढण्याची घाई करू नये. प्रथम खालूनच लक्षणांची छाननी करावी. काठीवरचे सर्व दिवे एकदम गेले असतील, तर संशय पायथ्याच्या प्लगवर किंवा सर्वांना मिळून घातलेल्या परतीच्या एकाच तारेवर घ्यावा. एकच दिवा गेला असेल, तर त्याचा फ्यूज, त्याचा बल्ब, बल्बची बैठक आणि त्याची स्वतंत्र तार यांची चौकशी करावी. दिवा लागतो पण मंद, किंवा नौका डोलली की मिचमिचतो, तर कोठेतरी जोड खिळखिळा झाला आहे असे समजावे.

यापुढची पायरी मीटरची, आणि येथेच नवखा मनुष्य हटकून फसतो. बल्ब काढून, बटण चालू ठेवून त्याने पायथ्याशी मीटर लावले, की त्यावर 12 व्होल्टचा आकडा ऐटीत उमटतो, आणि खालची वाट निर्दोष आहे असा दाखला तो देऊन टाकतो. वस्तुस्थिती अशी, की मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही पूर्ण दाब त्याच्यापर्यंत पोहोचतो. खऱ्या दिव्याने प्रवाह मागितला म्हणजे मात्र त्या जोडाचे पितळ उघडे पडते. 25 वॅटचा दिवा सुमारे 2 अँपिअर ओढतो. वाटेत 3 ओहमचा गंज असला, तर दिव्याच्या वाट्याला जेमतेम 8 व्होल्ट येतात. म्हणून पायथ्याशी मोटारीच्या ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब तात्पुरता जोडावा, तो पेटलेला असतानाच व्होल्ट मोजावेत, आणि मग मीटरची दोन टोके एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकवून पाहावे. निरोगी जोडावर आकडा शून्याच्या आसपास राहतो. जेथे तो एक-दोन व्होल्टांवर चढतो, तेथे दोष हाती लागला. परतीच्या तारेचीही अशीच झडती घ्यावी, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची खोड सार्वत्रिक आहे.

खालचे सर्व ठीक निघाले तरच वर जावे, तेही शीड चढवण्याच्या दोन स्वतंत्र दोरांच्या आधाराने, हत्यारे बांधून आणि खाली जाणता माणूस उभा करून. तार बदलणे ओघाने आलेच, तर जुनी तार ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधावी, म्हणजे नव्या तारेला काठीच्या पोटातून वाट मिळते. नवी तार कल्हईची असावी, आणि तिचा भार जोडावर न पडता वरच्या टोकाशी वेगळा बांधलेला असावा. जाण्यायेण्याची वाट 40 मीटर धरली, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत 25 वॅटच्या दिव्यासाठी जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. तेव्हा चार चौरस मिलिमीटरची तार घालावी, किंवा त्या कामासाठी प्रमाणित असा संपूर्ण एलईडी दिवा बसवावा. जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब खोचला, तर प्रकाशाचे अंश आणि रंग बिघडण्याचा संभव असतो.

दिवा लागल्यावर, तो पेटता ठेवूनच, बॅटरीपाशी आणि दिव्यापाशी व्होल्ट मोजून दोहोंतील तफावत शेकडा तीनच्या आत आहे याची रुजुवात करावी, आणि ते आकडे स्विचबोर्डाच्या झाकणामागे तारखेसह लिहून ठेवावेत. दिव्यापाशी पुन्हा चढणे सोपे नसले, तरी पायथ्यापाशी तेच मोजमाप दर हंगामाच्या आरंभी घेता येते. तेथला आकडा उतरू लागला, तर खालच्या वाटेतला गंज दिवा विझण्यापूर्वीच कळतो, आणि दुरुस्ती धक्क्याला बांधलेल्या नौकेवर, दिवसाउजेडी होऊ शकते.