दहा कुप्या म्हणजे एक माणूस

2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि ‘औषधंच नव्हती’ विरुद्ध ‘साठा पुरेसा होता’ असा सामना रंगला. मला तो ‘साठा’ शब्दच खटकतो.

पालघर जिल्ह्यातली भातकापणी घ्या. जव्हार-मोखाड्यात, डहाणूत शेतात पान लागण्याचे, म्हणजे साप चावण्याचे हे दिवस. समजा, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत ‘सर्पदंशाची लस: 10 कुप्या’ असं लिहिलंय. कागदोपत्री तुटवडा नाही. पण विषाची लक्षणं दिसू लागलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या द्याव्या लागतात. उतार पडला नाही तर आणखी. म्हणजे संध्याकाळी एक माणूस आला की कपाट रिकामं. रात्री दुसरा आला तर त्याची गाडी सिल्वासाच्या नाहीतर नाशिकच्या वाटेला. तरीही आपण मोजतो कुप्या, माणसं नाही!

औषध भांडारवाले औषधांची प्रतवारी करतात: याच्यावाचून जीव जाईल, हे हवंच, हे असलं तर बरं. चांगलीच पद्धत आहे. फक्त, औषध कुठून येतं हे ती विचारत नाही.

बोईसर-तारापूरचंच घ्या. इथल्या कारखान्यांत मेट्रोनिडाझोलसारखी औषधद्रव्यं बनतात, त्यामुळे आपण निर्धास्त. पण देशाच्या औषध उद्योगाचा बराच कच्चा माल चीनचा. तिथे कोरोनाने कारखाने थंडावले, तेव्हा 3 मार्च 2020 रोजी केंद्राने पॅरासिटामॉल, मेट्रोनिडाझोलसह 26 औषधद्रव्यं व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

सर्पदंशाच्या लशीची वाट तर याहून चिंचोळी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष घोड्यांना थोडंथोडं टोचायचं, मग त्यांच्या रक्तातून लस काढायची. यात महिने जातात. आणि देशातल्या बहुतेक लशीसाठी विष येतं ते चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. संस्था 1978ची, काम कौतुकाचं, पण भिस्त जवळजवळ एकट्या तिच्यावर.

राज्याच्या औषधखरेदीसाठी आपण 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेलो, मग 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. पाटी बदलली, निविदा वेळेत निघतात का, ते बघू. इरुळांना यंदा किती साप पकडायची परवानगी द्यायची, ते मात्र तमिळनाडूचं वन खातं ठरवतं. तो आकडा जव्हारच्या नोंदवहीत कुठेच नसतो.