किनाबालूचं सोनं

ताईंनो, रोपवाटिका चालवणाऱ्या काही गटांनी विचारलं, "रानातल्या झाडांवरची आमरी काढून विकली तर चालेल का?" आमरी म्हणजे ऑर्किड. उत्तराआधी एका दूरच्या आमरीची गोष्ट ऐका.

मलेशियात, बोर्निओ बेटावर किनाबालू हा ४,०९५ मीटर उंच डोंगर आहे. त्याच्या उतारावरच्या रानात ती उगवते. लोक तिला 'किनाबालूचं सोनं' म्हणतात. दोन्हीकडे हात पसरल्यासारख्या लांब, ठिपकेदार पाकळ्या आणि मधे चपलेच्या पुढच्या भागासारखी पिशवी. पहिलं फूल यायला पंधरा वर्षंही लागू शकतात.

फूल मोठं लबाड. आपल्या पिकावर मावा पडला की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी घिरट्या घालते ना? शेतीशाळेत मित्रकीड म्हणून दाखवतात ती, सिरफिड माशी. तिच्या अळ्या मावा खातात, म्हणून ती माव्यातच अंडी घालते. या फुलाच्या मधोमध अशी लव असते की तिथल्या सिरफिड माशीला तो मावाच वाटतो. ती अंडी घालायला येते आणि पिशवीत पडते. बाहेर यायला मागची अरुंद वाट. तिथून निघताना अंगाला पराग चिकटतात, ते पुढच्या फुलाला पोचतात. अळ्यांच्या नशिबी उपासमार. मला तर माशीचीच कीव येते!

बी धरलं तरी पुढे अडचण. भाताच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते. आमरीचं बी धुळीसारखं, शिदोरी नाहीच. ठराविक बुरशीने अन्न पुरवलं तरच ते रानात रुजतं. म्हणून उपटलेल्या रोपाची जागा लवकर भरत नाही.

या आमरीला १८८८ साली शास्त्रीय नाव मिळालं. इतरांना पत्ता लागू नये म्हणून व्यापाऱ्याने ती न्यू गिनीची असल्याचं पसरवलं. १९५९ साली ती किनाबालूवर पुन्हा सापडली, आणि मग चोरांनाही वाट सापडली. आज ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. रानातल्या रोपांच्या परदेशी व्यापाराला आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. बाजारात रीतसर मिळतात ती प्रयोगशाळेत बाटलीत बी रुजवून वाढवलेली रोपं. तिथे बुरशीचं काम साखर आणि क्षार करतात.

तर आपलं उत्तर: झाडावरची आमरी काढायची नाही. आमरी विकायचीच असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं घ्या. घेताना रोप कुठून आलं ते विचारा आणि पक्की पावती गटाच्या फाइलला लावा.