पहिल्या सरीला भुलू नका!

मे महिना सरत आला की कर्जत-खालापुरात ज्या गावी जावे तिथे एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, यंदा पाऊस कवा?" खाचरांना भेगा पडलेल्या, वरकस जमिनी करपलेल्या, विहिरींचे तळ दिसू लागलेले. दुपारनंतर भीमाशंकर-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर ढग चढले की घरातली सगळी माणसे अंगणात येतात. एखादी सर पडते, मातीचा वास सुटतो आणि दुसऱ्याच दिवशी बियाण्याची गोणी बाहेर निघते. नेमके इथेच सांभाळायला हवे.

आपले दोन्ही तालुके काही दुष्काळी नव्हेत. पावसाळ्यात येथे सर्वसाधारणपणे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. त्यामुळे पाणी चार महिन्यांत धावत खाली जाते आणि होळीनंतर डोंगरावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत हंड्यांच्या रांगा लागतात. दुसरीकडे खोपोलीचे वीजकेंद्र 1915 पासून आणि भिवपुरीचे 1922 पासून घाटावरच्या तलावांचे पाणी खाली सोडते. त्या पाण्यावर पाताळगंगा आणि उल्हास उन्हाळ्यातही वाहतात. पाताळगंगेच्या काठी रसायनीचे कारखाने उभे राहिले, तर कर्जतला राजनाल्यावर उन्हाळी भात पिकते. मोरबे धरण खालापुरात आहे, त्याचे पाणी नवी मुंबई पिते. म्हणजे पाणी आहे, पण डोंगरकुशीतल्या शेतकऱ्याला भरवसा फक्त आभाळाचा. त्याची बियाण्याची एक गोणी वाया गेली तर दुसरी कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे.

नक्षत्र तारखेवर, पाऊस लहरीवर

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला आणि आर्द्रा 21-22 जूनला लागते. जुन्या माणसांनी या बेतावर शेती बसवली आणि ती पुष्कळ वेळा जमलीही. पण नक्षत्र सूर्याच्या चालीवर ठरते, म्हणून त्याची तारीख हलत नाही. पावसाची मात्र हलते. मुंबई परिसरात मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून धरली जाते. 2019 साली तो 25 जूनला आला. 2023 सालीही 25 जूनच उजाडला. उलट 2025 साली तो 26 मेलाच दाखल झाला. महिन्याचा फरक! 2025 मध्ये मे महिन्यातच पावसाने झोडपल्याने कित्येकांची बांधबंदिस्ती व उखळणी राहून गेली, वाफसाच मिळेना. उशीर झाला त्या दोन वर्षी अरबी समुद्रात 'वायू' आणि 'बिपरजॉय' ही चक्रीवादळे उठली होती. असे वादळ बाष्प आपल्याकडे ओढून घेते आणि मोसमी वाऱ्याची वाटचाल रेंगाळते.

पाऊस झाला म्हणजे पावसाळा लागला, असेही नाही. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा पाऊस धो धो पडला. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचे मात्र 14 जूनला जाहीर झाले.

वळीव कोणता, मोसमी कोणता?

वळीव तापलेल्या जमिनीमुळे तयार होतो. तो दुपारनंतर येतो, घाटाकडून म्हणजे पूर्वेकडून येतो, गडगडाट फार करतो आणि एका गावाला भिजवून शेजारच्या गावाला कोरडे ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. मोसमी पावसाआधी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून सलग वाहू लागतो, ढग खाली उतरतात, आभाळ दिवसभर झाकलेले राहते आणि सरी रात्री-बेरात्रीही येतात. पावशाचा आवाज, मुंग्यांची अंडी घेऊन चाललेली लगबग ही लक्षणे जरूर पाहा. त्यांच्या जोडीला हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाजही रेडिओवर किंवा मोबाइलवर पाहत जा.

वळवाच्या सरीने भाताचे बी फुगते, तीन-चार दिवसांत मोड येतो. त्यानंतर पाच-सहा दिवस ऊन पडले आणि पाणी देण्याची सोय नसली, तर तो कोवळा मोड करपतो. कोरड्या मातीतले बी वाट पाहत पडून राहू शकते. मोड आलेल्या बियाला मात्र थांबता येत नाही.

सारे बी एका दिवशी टाकू नका

यावर सोपा उपाय म्हणजे बियाण्याचे तीन भाग करणे. पहिला भाग मे अखेर धूळवाफेवर पेरावा, तोही विहिरीजवळ किंवा जिथे चार हंडे पाणी शिंपडता येईल अशाच जागी. दुसरा भाग मोसमी पाऊस स्थिरावल्यावर टाकावा. तिसरा भाग घरात राखून ठेवावा आणि तो हळव्या जातीचा असावा. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 या जाती हळव्या आहेत. पाऊस लांबला तरी त्या वेळेत निसवतात. गरव्या जातीचा पेरा लांबला तर शेवटी दाणा भरताना पाणी कमी पडते.

एक एकर लावणीला साधारण 4 गुंठे रोपवाटिका लागते. गादीवाफे मीटरभर रुंद आणि 8 ते 10 सेंटिमीटर उंच करावेत, म्हणजे अवेळी जोराचा पाऊस आला तरी बी कुजत नाही. पेरण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. तरंगणारे पोल काढून टाकावे. तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि पाकिटावर दिलेल्या प्रमाणात बुरशीनाशक चोळावे. घरचे बी असेल तर आजच 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 80 दाण्यांना मोड आला तर बी चांगले समजा. हळव्या जातीचे रोप 21 ते 25 दिवसांत लावणीला येते. पाऊस लांबून रोप जून झालेच तर चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे घ्यावीत आणि लावणी थोडी दाट करावी.

रोप आणि चिखलणी दोन्ही टाळणारी वाटही आपल्याच तालुक्यात निघाली आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर थेट भात टोकण्याची पद्धत विकसित केली. त्यात तणावर मात्र पहिल्यापासून लक्ष ठेवावे लागते. ज्यांना जमेल त्यांनी आधी दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावी.

पावसाआधीचे आठ दिवस

उन्हाळी भात खळ्यावर असेल तर मळणी आधी उरका, पेंढा रचून झाका. एका वळवाने दाणा आणि वैरण दोन्ही काळी पडतात. कामे पहाटेपासून दहा-अकरापर्यंत आटोपा. दुपारी बैलाला आणि माणसाला सावली हवीच. विजा कडाडू लागल्या की झाडाखाली थांबू नका. 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते.

सरपंच, पोलीस पाटील व ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनी या दिवसांत विहिरींचा गाळ काढून घ्यावा, ओढ्या-नाल्यांची तोंडे मोकळी करावीत आणि पहिल्या पावसानंतर विहिरीत टीसीएल पावडर पडेल याची जबाबदारी एका माणसावर नेमून द्यावी. पाणी अडवण्याचे चर खणताना फार उभ्या उतारावर, वाडीच्या डोक्यावर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय खणू नयेत. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड आपण कोणीच विसरलेलो नाही. ज्या पावसाची मे महिन्यात वाट पाहतो, तोच जुलैत डोंगर खाली आणतो.

पाऊस मृगात येईल की आर्द्रात, हे आपल्या हाती नाही. बांध नीट, वाफे तयार, बी निवडलेले आणि एक भाग कणगीत राखलेला, एवढे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे झाले की मग खुशाल आभाळाकडे बघावे.