आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर : दोन इंच की तीन?

मागील लेखांकात रिव्हॉल्व्हरच्या चौकटीचा, म्हणजे चक्र, चाप आणि घोडा यांना एकत्र धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याचा, विचार झाला; प्रस्तुत लेखांकाचा विषय त्या चौकटीला पुढे जोडलेली नळी हा आहे. कपड्याआड शस्त्र बाळगण्याची प्रथा आणि त्याभोवतीचे कायदे अमेरिकेत जितके रुजले तितके अन्यत्र क्वचितच रुजले असतील, आणि म्हणूनच नळीच्या लांबीची चर्चाही मुख्यतः तेथील शस्त्रांच्या आधारे करावी लागते. तेथे .३८ स्पेशल या काडतुसाचे आटोपशीर रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात : सुमारे दोन इंचांची नळी किंवा तीन इंचांची.

दोन इंचांच्या नळीला मोठी परंपरा आहे. कोल्ट कंपनीने १९२७ साली ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ हे सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि साध्या वेशातील पोलिसांच्या कोटाआड मावणारे शस्त्र म्हणून ते स्थिरावले. १९५० साली स्मिथ अँड वेसन कंपनीने पाच काडतुसांचे, त्याहून लहान चौकटीचे ‘चीफ्स स्पेशल’ काढले. पावणेदोन इंचांहून किंचित लांब अशी त्याची नळी आजच्या बहुतेक आखूड रिव्हॉल्व्हरांचे माप ठरवून गेली आहे. तीन इंचांची नळीही नवी नाही : १९८०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने आपल्या कर्मचाऱ्यांना स्मिथ अँड वेसनचेच तीन इंची नळीचे ‘मॉडेल १३’ दिले होते.

रिव्हॉल्व्हरच्या नळीचे माप घेताना चक्र धरले जात नाही, तर पिस्तुलाच्या नळीत काडतूस बसण्याची जागाही मोजली जाते. त्यामुळे दोन इंची रिव्हॉल्व्हर आणि तीन इंची पिस्तूल यांतील खरा फरक आकड्यांवरून वाटतो त्याहून कमी असतो. मात्र रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्यात एक बारीक फट ठेवावीच लागते, कारण ती नसेल तर चक्र फिरणार नाही, आणि गोळीला ढकलणारा वायू काही प्रमाणात या फटीतून बाजूला निसटतो.

नळी जितकी लांब तितका वेळ हा वायू गोळीला रेटत राहतो आणि वेग वाढतो, हे खरे असले तरी .३८ स्पेशलच्या बाबतीत एका इंचामागे मिळणारी वाढ साधारणतः सेकंदाला १० ते २० मीटर इतकीच असते, आणि एकाच लांबीच्या दोन रिव्हॉल्व्हरांतही फटीच्या कमीअधिकपणामुळे जवळजवळ तेवढा फरक पडू शकतो. हा वेग महत्त्वाचा ठरतो तो पोकळ टोकाच्या गोळीसाठी. अशी गोळी लक्ष्यात शिरल्यावर उमलून रुंद व्हावी अशी तिची रचना असते, पण पुरेसा वेग नसेल तर ती उमलत नाही. दोन इंची नळीतून अनेक जुन्या बनावटीच्या गोळ्या या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात, म्हणून काही कंपन्यांनी आखूड नळीसाठीच वेगळ्या गोळ्या घडवल्या. .३५७ मॅग्नमची गोष्ट निराळी आहे : १९३५ साली लांब नळ्यांच्या थोराड रिव्हॉल्व्हरांसाठी अवतरलेले हे काडतूस दोन इंची नळीत घातले की बरीच दारू नळीबाहेर जळते, आणि वाढलेल्या वेगाच्या मानाने भगभगीत ज्वाळा, कानठळ्या बसवणारा आवाज व मनगटाला हादरा हेच अधिक पदरी पडते.

वेगाच्या या चर्चेत जी बाब हटकून मागे पडते ती रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढण्याची आहे, आणि नळीच्या निवडीत खरे तर तिलाच अग्रस्थान मिळायला हवे. चक्र बाजूला उघडल्यावर त्याच्या मधोमध असलेला दांडा मागे दाबला की चांदणीच्या आकाराचा निष्कासक सर्व पुंगळ्या एकदम वर उचलतो. चक्र बंद असताना हा दांडा नळीखाली राहतो, त्यामुळे नळी आखूड झाली की दांडाही आखूड करावा लागतो. .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे २९ मिलिमीटर लांब असते आणि दोन इंची रिव्हॉल्व्हरचा दांडा तिला तितकी उचलूच शकत नाही. गोळीबारानंतर फुगून चक्राला चिकटलेल्या पुंगळ्या अर्ध्यावर अडकून राहतात आणि नखाने उपसाव्या लागतात. तीन इंची नळीखाली पूर्ण लांबीचा दांडा बसवता येतो, नळीचे तोंड आकाशाकडे करून एक जोरकस थाप दिली की चक्र मोकळे होते. पाच काडतुसांच्या शस्त्रात ही सोय शोभेची म्हणता येणार नाही.

दुसरा लाभ नेमाचा आहे. चौकटीवरील मागची खाच आणि नळीच्या टोकावरील पुढचे निशाण यांतील अंतर दोन इंची रिव्हॉल्व्हरात सुमारे ९० मिलिमीटर, तर तीन इंचीत सुमारे ११८ मिलिमीटर असते. पुढचे निशाण एक मिलिमीटरने ढळले तर सात मीटरांवर पहिल्यात गोळी साधारण ७८ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ५९ मिलिमीटर बाजूला जाते. येथे एक भेद स्पष्ट करायला हवा : आखूड नळी स्वतः कमी अचूक नसते, ती केवळ नेमबाजाची चूक मोठी करते. लहान रिव्हॉल्व्हरचा चाप जड आणि त्याची ओढ लांब असल्याने अशी चूक वारंवार होते, म्हणून हा लाभ प्रत्यक्षात कागदावरील गणितापेक्षा मोठा आहे. शिवाय नळीच्या टोकाशी वाढलेले थोडेसे वजन धक्क्याने तोंड वर उडण्याला आवर घालते.

मग लपवण्याचे काय? कपड्यावरून शस्त्र उमटते ते मुठीमुळे आणि सुमारे ३३ मिलिमीटर जाडीच्या चक्रामुळे, कारण हे भाग कमरपट्ट्याच्या वर किंवा त्याच्या रेषेत असतात. नळी पट्ट्याखाली, पँटच्या आत राहते. पट्ट्याच्या आतील होल्स्टरमध्ये, म्हणजे चामड्याच्या वा प्लॅस्टिकच्या खोळीत, जादा इंच उलट उपयोगी पडतो, कारण आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर मुठीच्या भाराने बाहेर कलंडू पाहते आणि लांब नळी त्याला अंगालगत धरून ठेवते. खिसा आणि घोटा या दोन जागा मात्र निर्विवादपणे दोन इंची नळीच्या आहेत : खिशात लांब नळी मावत नाही, मावली तरी बाहेर काढताना कापडात अडकते. हातघाईच्या झटापटीतही आखूड नळीचे पारडे जड असते, कारण हल्लेखोराला धरून पिरगाळण्यासाठी ती फारशी पकड देत नाही.

तेव्हा लांबी ठरवण्याआधी शस्त्र कोठे राहणार हे ठरवावे लागते. खिशासाठी घ्यायचे असेल तर पुंगळ्यांची अडचण स्वीकारून दोन इंची नळी घ्यावी. कमरेला बाळगायचे असेल तर तीन इंची नळीविरुद्ध सबळ कारण सापडणे कठीण आहे, आणि नवशिक्यासाठी तर तीच अधिक योग्य आहे, कारण कठीण शस्त्रावर सराव कंटाळवाणा होतो आणि मग तो सुटतो.

भारतात परवानाधारकांसाठी कानपूरला बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरची नळी तीन इंचांची, ७६ मिलिमीटरची आहे, पण तिच्यामागचे गणित वेगळे आहे. वेब्ली पद्धतीचे हे जुने रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मधोमध मोडते आणि मोडतानाच पुंगळ्या उचलल्या जातात, त्यामुळे दांड्याची लांबी नळीवर अवलंबून नसते. २०२३ साली आलेल्या ‘प्रबल’मध्ये मात्र चक्र अमेरिकी धर्तीवर बाजूला उघडते, त्याची नळीही ७६ मिलिमीटरचीच ठेवलेली असल्याने पूर्ण लांबीच्या दांड्याला तेथे पुरेशी जागा आहे.