जुन्नरच्या भिक्षुणींचं घर



कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळा आठवते. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे संसार सोडून धर्माला वाहून घेतलेल्या बायकांनी एकत्र राहायचं घर. फ्रान्समधल्या प्रुई गावी संत डॉमिनिक यांनी १२०६ च्या सुमारास आपल्या पंथाच्या बायकांसाठी पहिलं घर काढलं. पण त्याच्याही हजारावर वर्षं आधी असं घर आपल्या जुन्नरात होतं. ते बौद्ध भिक्षुणींचं.

तो सातवाहनांचा काळ. नाणेघाटातून कल्याण, सोपाऱ्याकडे माल जायचा, जुन्नर भरलेलं असायचं. भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी कोरली गेली. त्यातल्या एका शिलालेखात दान देणाऱ्याने लिहून ठेवलंय की नगरात धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींचा उपाश्रय आहे. उपाश्रय हा शब्द आजही जैन साध्वी उतरतात त्या जागेला वापरतात.

घर नगरात का, डोंगरात का नाही? भिक्षुणींनी रानात राहू नये, असा संघाचा नियमच होता. रोजची भिक्षाही वस्तीतच मिळायची.

अशा धर्मकार्याचा खर्च चालायचा कसा? जुन्नरचेच दुसरे लेख सांगतात की दानाचा पैसा बुरूड, कासार अशा कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवला जाई. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. मुद्दल तिथेच राहायचं, व्याज कामाला यायचं. आपल्या बचत गटाची आठवण झाली ना?

आज त्या उपाश्रयाची एक भिंतही दाखवता येत नाही. तो होता हे कळतं ते त्या लेखामुळे. पण तिथे राहणाऱ्या एकीचंही नाव त्यात नाही. कान्हेरीला मात्र भिक्षुणींची नावं सापडतात. धेनुकाकटच्या सापा नावाच्या भिक्षुणीने तिथे लेणं आणि पाण्याची टाकी दिली. देणारी ती, म्हणून नाव तिचं कोरलं गेलं.

हे आज सांगायचं कारण आहे. एका गटात एका ताईंनी कर्जाचे तीन हप्ते फेडले होते. वही लिहायचे अध्यक्षताईंचे मालक. ते हप्ते चढवायचे राहून गेले. पुढे वाद झाला तेव्हा ताईंच्या हातात कागदच नव्हता. ते पैसे त्यांनी दुसऱ्यांदा भरले.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या बैठकीत दोन गोष्टी करा. वही गटातल्याच बाईने लिहायची. आणि पैसे दिले की आपल्या पासबुकात त्याच वेळी नोंद करून घ्यायची, सही स्वतःची. अंगठा असेल तर आकडा मोठ्याने वाचून घ्या, मगच उठवा.

सापाची नोंद दगडावर होती, ती टिकली. आपली कागदावर आहे, ती आपणच जपायची.