वाचनाची वही : रेघ कुठे मारायची?

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची नोंद कशी करायची ते आज सांगेन, असं गेल्या रविवारी कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण साताऱ्याहून आलेलं एक पत्र. बाईंनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली, वही उघडली आणि शेकूच्या बायकोपाशी अडकल्या. बैल एकच, म्हणून दुसऱ्या बैलाच्या जागी ती स्वतः औताला लागते. त्यावरून बाईंना आपली आजी आठवली, आजीवर तीन पानं लिहून झाली, आणि मग ध्यानात आलं की पुस्तक पहिल्या चार ओळींतच मागे राहिलंय. त्यांचा प्रश्न असा, की नोंदीत ‘मी’ किती यावा? की येऊच नये?

येऊच नये असं आपल्याला वाटतं, त्याला थोडा दहावीचा पेपर जबाबदार आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरीव मुद्द्यांवर रसग्रहण लिहून गुण मिळवायचे. तपासणाऱ्याची त्यात सोय असते, पण आपल्या वहीला परीक्षक कुठे असतो?

अशा वेळी मी ‘युगान्त’ काढून बसतो. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक म्हणजे इरावती कर्वे यांनी महाभारताला दिलेला एका वाचकाचा जबाबच आहे. त्यातला द्रौपदीवरचा लेख पाहा. महाप्रस्थानाच्या वाटेवर सगळ्यांत आधी द्रौपदी कोसळते. का, असं भीम विचारतो. अर्जुनावर तिचं अधिक प्रेम होतं, हा तिचा दोष, असं सांगून धर्मराज चालू लागतो. महाभारत तिला तिथेच सोडून पुढे जातं. इरावतीबाईंचा पाय मात्र निघत नाही. पडलेल्या द्रौपदीच्या मनात काय चाललं असेल, भीम तिच्याजवळ आला तर ती त्याला काय म्हणेल, हे त्या रचतात, आणि रचण्याआधी वाचकाला बजावतात की भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीतलं इथे संपलं, यापुढची माझी ‘नरोटी’, म्हणजे नुसती करवंटी. मला वाटतं, या एका वाक्यामुळे त्यांना पुढे हवं तितकं मोकळं होता आलं.

विदुर हाच धर्मराजाचा पिता असेल का, हा प्रश्न त्या घेतात तेव्हा चाल वेगळी असते. विदुर यमधर्माचा अवतार, कुंतीने आधी बोलावलं ते धर्मालाच, नियोगाला दीर चालतो, आणि शेवटी वनात विदुराचे प्राण युधिष्ठिरात शिरतात. असे दुवे त्या मूळ ग्रंथातूनच गोळा करतात आणि तरीही तर्काला तर्कच म्हणतात.

दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्वा’त अशी रेघ शोधून सापडत नाही. व्यास कुठे थांबले आणि दुर्गाबाई कुठे सुरू झाल्या, ते सांगता येत नाही. पुस्तक मला अतिशय प्रिय आहे, पण वही नुकती सुरू करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. तो हात दुर्गाबाईंचा होता.

तेव्हा बाई, ती तीन पानं फाडू नका. ती संपतात तिथे एक आडवी रेघ मारा आणि पुन्हा ‘बनगरवाडी’चं तेच पान उघडा. तिथे माडगूळकर किती थोडं बोलतात ते पाहा. गोष्ट सांगणारा मास्तर डोळ्यांसमोरचं सांगतो, हळहळ आपल्यावर सोपवतो. तुमची आजी त्या मोकळ्या जागेतून आत आली. ती जागा लेखकाने कशी ठेवली, कोणता शब्द गाळला, एवढं रेघेखाली पाच-सहा ओळींत लिहा, पान क्रमांकासह. पान क्रमांक हवाच. तो नसला की दोन वर्षांनी आपलंच म्हणणं आपल्याला पुस्तकातलं वाटू लागतं.

आणि जमलं तर रेघेखालच्या ओळी मला पाठवा, आजीची पानं तुमच्याकडेच राहू द्या. अर्धवट सोडलेली पुस्तकं पुढच्या रविवारी.