निसर्गरक्षकांची चिकित्सा

रुग्ण दगावला की इस्पितळात डेथ ऑडिट होते. निदान कोठे चुकले, उपचारास विलंब का झाला, हे ज्येष्ठांनाही विचारले जाते. त्यात कोणाच्या सद्हेतूविषयी शंका नसते. पुढचा रुग्ण वाचावा, एवढीच इच्छा असते. तेव्हा जंगले व वन्यजीव राखण्याचे व्रत घेतलेल्या संस्थांवरील टीका विज्ञानविषयक नियतकालिकांनी छापावी काय, हा प्रश्न आपणा डॉक्टरांना परका वाटू नये.

छापू नये म्हणणाऱ्यांची भीती निराधार नाही. डिचोलीकरांनी खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ श्वासातून घेतली आहे. मोपा विमानतळाच्या पर्यावरणीय परवान्याचा वाद २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला, तो पेडण्याच्या लोकांनी जवळून पाहिला आहे. निसर्गाच्या बाजूने बोलणारे आधीच मूठभर. त्यांच्या उणिवा छापल्या तर डोंगर पोखरणाऱ्यांचे फावेल, असे त्यांचे म्हणणे असते.

तथापि मौनाची किंमतही मोठी असते. आपल्या चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या डॉ. सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाचेही मत एकदा चुकीचे ठरले. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत म्हशींच्या चराईने पक्ष्यांना अपाय होतो, असे ते व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मानीत. १९८२ साली चराईबंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. पुढे सोसायटीनेच तेथे प्रदीर्घ अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यात गवत माजले, पाणथळ भरत गेली आणि पाणपक्ष्यांचीच जागा आक्रसली. हा निष्कर्ष सोसायटीने दडवला नाही, हा तिचा मोठेपणा. परंतु बंदीपूर्वीच त्या मताची जाहीर चिकित्सा झाली असती, तर ते बळी टळले नसते काय?

दुसरे उदाहरण वाघांचे. सरकारी व्याघ्र प्रकल्पाची मोजणी पंजाच्या ठशांवर विसंबून होती. डॉ. उल्लास कारंथ व सहकाऱ्यांनी २००३ साली ‘ॲनिमल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात या पद्धतीतील दोष परखडपणे मांडले. दोनच वर्षांनी सारिस्कात कागदावर असलेल्या वाघांपैकी एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर कॅमेरा ट्रॅपचा देशभर अवलंब झाला. टीका आधीच मनावर घेतली असती, तर सारिस्काचा ऱ्हास वेळीच ध्यानी आला असता.

आपल्या शेजारच्या सत्तरीत, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे, जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेने मेले. गुरे मारली गेल्यामुळे विष घातल्याचा आरोप गावातल्याच माणसांवर झाला. गुन्हा कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु गुरांची भरपाई, गावकऱ्यांशी संवाद, रानातील गस्त यांत वनखाते व निसर्गसंस्था कोठे उणी पडली, याचा शोध कोणी घ्यायचा? वाघ आणि गुराखी, दोघांचेही जगणे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

म्हणून टीका छापावी, मात्र वैद्यकीय नियतकालिकांच्या शिस्तीने. पुरावे व पद्धत उघड असावी. ज्या संस्थेवर आक्षेप आहे तिला त्याच अंकात उत्तराची संधी मिळावी. टीकाकाराने खाणमालकाकडून किंवा बांधकाम व्यावसायिकाकडून मानधन घेतले असल्यास तेही वाचकांस कळावे. व्यक्तिगत निंदेला मात्र तेथे थारा नसावा.

आपल्या हातून झालेल्या चुकांची चर्चा ऐकताना आपल्यालाही त्रास होतो, तरीही आपण त्या सभेला बसतो. निसर्गरक्षकांनीही तसेच बसावे, आणि ती बैठक भरवण्याचे धैर्य संपादकांनी दाखवावे.